बाळाच्या वाटीत काय येतं: रावेर ते मोलगी, सहा दिवस

दिवाळी आटोपून आठवडा झाला की खान्देशात चार गोष्टी एकदम चालू असतात. कापसाची वेचणी जोरात असते, कांदेबागेची, म्हणजे पाऊस ओसरताना लावायच्या केळीची लागवड उरकत आलेली असते, तापीकाठची दादर ज्वारी गुडघ्याला लागलेली असते आणि सातपुड्यातून माणसं कोयते घेऊन गुजरातकडे निघालेली असतात. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाच्या पोटात शेतातलं काय पोचतं हे पाहायचं तर हाच काळ बरा. पावसाळ्यात गेलं की सगळीकडे टंचाईच दिसते, उन्हाळ्यात निम्म्या घरांना कुलूप असतं.

प्रत्येक घरी प्रश्न एकच: काल सकाळपासून आज सकाळपर्यंत मुलानं काय-काय खाल्लं? उत्तर आठ गटांत बसवायचं. आईचं दूध, धान्य आणि कंद, डाळी-शेंगदाणे, दूध-दही, मांस-मासे, अंडी, हिरवा पाला आणि पिवळी-केशरी फळं, बाकीची फळं-भाज्या. आठांपैकी पाच गट आले तर आहारात विविधता आहे असं धरतात. कोणत्या वस्तीत कोणता गट गळतो हे पाहिलं की आजूबाजूला कोणतं पीक उभं आहे ते बहुधा आधीच सांगता येतं.

पहिला दिवस: रावेर, सावदा, यावल

रावेरहून सावद्याकडे निघालं की दोन्ही अंगांना केळीच. जुन्या बागा निसवलेल्या, घडांवर पिशव्या चढवलेल्या. मधूनच कांदेबागेची हातभर रोपं. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी इथल्या भरताच्या हिरव्या वांग्यालाही मिळालं. बाहेरच्या माणसाला वाटतं, इथली पोरं केळ्यावर पोसली जात असतील. पण केळी हिरवीच कापतात, हिरवीच ट्रकात भरतात, आणि पिकतात ती उत्तरेकडच्या शहरांतल्या रायपनिंग चेंबरमध्ये. बागेत उरतात त्या मोडक्या, डाग पडलेल्या फण्या. मजुराच्या घरी पोचतात त्या ह्याच.

त्या वाईट नाहीत. एका मध्यम पिकल्या केळ्यात साधारण शंभर कॅलरी असतात, कुस्करून सहा महिन्यांच्या बाळाला देता येतं, भांडं लागत नाही, चूल लागत नाही. फक्त त्यात प्रथिन जेमतेम एक ग्रॅम आणि लोह नावालाच. दिवसाला दोन केळी आणि आईचं दूध एवढ्यावर आठ-नऊ महिन्यांचं मूल गोल-गुटगुटीत दिसू शकतं आणि तरी रक्त कमी असतं. या पट्ट्यात आठांतला गळणारा गट डाळींचा. कारण शेतात पाहिलं की कळतं: टिश्यू कल्चरची बाग पाच बाय पाच फुटांवर, ठिबकवर, सुमारे वर्षभराची. पहिले दोन-तीन महिने सोडले तर आत ऊन उतरत नाही, मग मूग-उडीद लावायचा कुठे? केळीचा बेवड, म्हणजे फेरपालट, म्हणून हरभरा घेतात ते शेतमालक. मजुराला डाळ किराणातून, पाव किलोच्या पुडीत.

एक गोष्ट मात्र केळीच्या बाजूनं सांगायला हवी. तिचं काम बारमाही असतं. लागवड, पिलं कापणं, खतं, घड बांधणं, कापणी, काही ना काही चालूच. हातात दर आठवड्याला पैसा येतो, त्यामुळे कोरडवाहू गावातला श्रावण-भाद्रपदाचा रिकामा डबा इथे कमी दिसतो. डाळ घरात यायला पैसा आहे. यायला नको आहे ती सवय म्हणजे दहा रुपयांचा बिस्किटपुडा चहात बुडवून मुलाच्या हातात देण्याची. त्याच दहा रुपयांच्या मूगडाळीचं घट्ट वरण मुलाला तीन-चार वेळा पुरतं.

आणि पाणी. केळीला झाडामागे 200 ग्रॅम नत्राची शिफारस आहे. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी 4,444 झाडं, म्हणजे सुमारे 890 किलो नत्र. सगळं युरियातून दिलं तर 45 किलोच्या त्रेचाळीस गोण्या. झाडानं न उचललेलं नत्र नायट्रेट होऊन खाली झिरपतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पावडरचं दूध बागेतल्या विहिरीच्या पाण्यात कालवून दिलं तर धोका खरा तिथे. रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते, ओठ-नखं निळसर पडतात. पाणी उकळून हा दोष जात नाही, उलट आटल्यानं वाढतो. बागेतल्या झोपडीत राहणाऱ्या पावरा आदिवासी कुटुंबांची बाळं अंगावर पिणारी असतात, हे त्यांचं संरक्षण. ते तोडू नये.

दुसरा दिवस: चोपडा, तापीकाठ, अमळनेर

चोपड्याहून तापी ओलांडताना काठची काळी कसदार जमीन लागते. इथली दादर म्हणजे रब्बी ज्वारी: पाऊस ओसरताना पेरायची, जमिनीतल्या ओलीवर वाढवायची, जानेवारीत हुरडा, त्यानंतर काढणी. पाणी नाही, फवारणी जवळजवळ नाही. खरिपाच्या संकरित ज्वारीचा दाणा भरताना पाऊस आला की कणसावर बुरशी चढते आणि दाणा काळा पडतो. ती ज्वारी तान्ह्या मुलाला देऊ नये. दादर त्या तडाख्यातून सुटते. दाणा टपोरा, पांढरा. भाकरी मऊ राहते. एवढं असून क्षेत्र घटतंय, कारण खरिपात मका आणि कापूस घेतला की दादरीच्या पेरणीला रान मोकळंच होत नाही. मका जातो कोंबडीखाद्याच्या कारखान्याला. त्याचं अंडं होऊन गावात परत येतं ते सात-आठ रुपयांना एक.

खान्देशात लहान मुलाच्या आहाराची निम्मी अडचण आजीनं केव्हाच सोडवलेली आहे आणि तिचं नाव कळण्याची भाकरी. चार पायली ज्वारीला एक पायली सालासकट उडीद, थोडं खडे मीठ, एकत्र दळायचं. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा गरजेचा घटक कमी असतो, उडदात तो भरपूर. दोन्ही एका घासात आले की प्रथिन अंगी लागतं. हे गणित कोणी प्रयोगशाळेतून आणून दिलेलं नाही. अलीकडे मात्र गिरणीत उडदाऐवजी नुसती ज्वारी किंवा ज्वारीत मका जातो, आणि कळण्याची भाकरी भरताच्या पार्टीपुरती उरते. भरीत-पार्टीचं कौतुक आहेच, पण तिथे हिरव्या मिरचीच्या भरतापुढे बसलेलं दीड वर्षाचं पोर शेवटी कोरडी भाकर चघळत असतं.

बाळासाठी कळण्याची भाकरी अशी द्यावी. भाकरीचा चतकोर घ्यायचा, जाड कडा आणि करपलेला पापुद्रा काढायचा. आतला भाग हातानं बारीक चुरायचा. गरम घट्ट वरण दोन मोठे चमचे वर घालून पाच मिनिटं झाकून ठेवायचं, मग चमच्यानं घोटायचं आणि चहाचा एक चमचा कच्चं तेल किंवा तूप सोडायचं. चतकोरात तीसेक ग्रॅम पीठ, म्हणजे शंभर कॅलरी; तेलाच्या 45. वरणासकट दीडशेच्या वर गेलं. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे 200 कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत 300, एक ते दोन वर्षांत 550. म्हणजे दोन वेळांत लहान बाळाचं भागतं. चुकतं कुठे? वरणाऐवजी वरणाचं वरचं पाणी देतात. त्यात हळद-मीठ असतं, डाळ तळाशी बसलेली असते.

पातळपणाचा हा मोह सगळ्या खान्देशात आहे. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे तीसेक ग्रॅम, म्हणजे साधारण दोनशे ग्रॅम मावतं, एक मोठी वाटी. वीस ग्रॅम पिठाची पातळ पेज त्या वाटीत 70 कॅलरी देते आणि पोट भरतं. त्याच वाटीत 35 ग्रॅम ज्वारीच्या कण्या, 10 ग्रॅम मूगडाळ आणि चमचाभर तेल शिजवलं तर 200. चमचा तिरका केल्यावर जे ओघळत नाही, हळूच घसरतं, ते बरोबर.

दुपारनंतर अमळनेरकडे कापूस. वेचणी किलोवर, म्हणून बाया दव ओसरायच्या आत शेतात. मूल सहा महिन्यांचं असलं तर बांधावरच्या झोळीत; वर्षाचं झालं की घरी, आठ-दहा वर्षांच्या बहिणीकडे. सकाळी साडेसहाला अंगावर पाजलेलं, मग संध्याकाळी सहाला. मधल्या साडेअकरा तासांत सकाळीच शिजवलेला भात दोनदा. नोव्हेंबरात दुपारी ऊन चांगलंच तापतं. शिजवलेलं अन्न दोन तासांवर उघडं राहिलं की त्यात जंतू वाढतात, आणि हगवणीचा हंगाम पावसाळ्याबाहेरही लांबतो. शेतात पीक उत्तम असताना मूल सुकतं ते असं. घरात धान्य आहे, भरवणारे हात नाहीत. कापसाचा भाव चढला की वेचणीचे तास वाढतात, आणि तास मोजले जातात ते आईचेच.

यावर चालणारा उपाय म्हणजे सातूसारखं भाजकं पीठ. दोन वाट्या गहू किंवा ज्वारी, एक वाटी हरभराडाळ, अर्धी वाटी शेंगदाणे. प्रत्येक जिन्नस वेगवेगळा भाजायचा, कारण शेंगदाणा आधी करपतो आणि ज्वारी कच्ची राहते. कच्च्या पिठानं पोट फुगतं. दाण्याची सालं चोळून पाखडायची, काळे-हिरवट, खवट दाणे फेकायचे, त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं. गार झाल्यावरच दळायचं. गरम दळलं की डब्यात वाफ धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस टिकतं. बहिणीनं फक्त उकळून ठेवलेलं पाणी आणि गूळ घालून चार मोठे चमचे कालवायचं. चूल नाही, शिळं नाही.

पूर्वी कापसाच्या ओळींत उडीद-मूग असायचा. साठ-सत्तर दिवसांचं पीक, गौरी-गणपतीच्या सुमारास घरात यायचं. ज्वारी यायला अजून दोन महिने असताना डाळीचं मडकं भरायचं. आता निंदणीला बाया मिळत नाहीत, म्हणून तणनाशक. रुंद पानाचं तण मारणारं औषध उडदालाही ओळखत नाही. त्याच फवाऱ्यात तांदुळजा, घोळ, कुंजरा, पाथरी जातात. या भाज्या कोणी लावत नव्हतं. निंदताना ओच्यात भरून आणायच्या. आठ गटांतले डाळ आणि हिरवा पाला असे दोन गट एकाच फवाऱ्यात गेले, आणि हिशेबाच्या वहीत मात्र निंदणीचा खर्च वाचला एवढंच लिहिलं गेलं.

तिसरा दिवस: धुळे, पांझराकाठ, साक्री

हा दिवस लहान. पांझरेवर बंधाऱ्यांची फड पद्धत तीनशे वर्षांहून जुनी. बंधाऱ्याखालचं रान सहसा चार फडांत वाटलेलं, एका फडात एका वर्षी एकच पीक, दरवर्षी फड फिरायचा. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या. याचं पाणीवाटप म्हणून कौतुक होतं. ताटाच्या दृष्टीनं महत्त्वाचं वेगळंच: प्रत्येक घराचा प्रत्येक फडात तुकडा असे. म्हणून दरवर्षी प्रत्येक घरी थोडं धान्य, थोडी डाळ, थोडा ऊस. आता विहिरी आणि मोटारी आल्या, वरच्या अंगाला धरणं झाली, ज्याचं पाणी त्याचं पीक. एका घरी सगळा कांदा, शेजारी सगळा मका.

साक्रीच्या माळावर ठेलारी मेंढपाळांची मेंढरं, गावात म्हशी. सरकीची पेंड आहे, दूध आहे. "दूध सगळं डेअरीले जास," आजी सांगते, आणि नातू पितळीत काळा चहा पितो. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही, त्यामुळे दूध न मिळण्यापेक्षा चहा मिळणं जास्त महागात पडतं. दीड वर्षाच्या मुलासाठी रोज एक कप दूध काढून ठेवायचं म्हणजे महिन्याला पाच-सहा लिटर. डेअरीच्या पगारात ती घट दिसते, म्हणून ठेवत नाहीत. दही लावलं तर टिकतं आणि कण्यांत कालवताही येतं, हे मात्र दोन घरी लगेच पटलं.

चौथा दिवस: नंदुरबार, शहादा

नंदुरबारबाहेर मिरचीच्या पथारी. एकरभर जमीन लाल. बाया ओळीनं बसून डेठ खुडतात, मजुरी वजनावर. मुलं शेजारी. ठसक्यानं खोकणारं बाळ इथे नेहमीचंच दृश्य, आणि खोकणारं मूल खात नाही. त्याहून बारीक गोष्ट हाताची. खुडलेल्या हातानं भरवलं की मुलाचे ओठ जळतात, ते तोंड फिरवतं, आणि सगळे म्हणतात पोराला भूकच नाही. पाण्यानं किंवा नुसत्या साबणानं हात धुऊन भागत नाही. मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात नाही. आधी हाताला, नखांच्या कडांना खोबरेल किंवा कुठलंही तेल चोळायचं, मिनिटभर थांबायचं, कोरड्या फडक्यानं पुसायचं, मग साबण. दोनदा. अंगावर पाजण्याआधी छातीवरची ओढणी-पदर बदलायचा. एवढं केलं की "भूक नसलेली" मुलं खातात. पथारीवर तेलाची बाटली ठेवणं कोणालाच जड नाही.

शहाद्याकडे पपई. फळावर पिवळी रेघ दिसली की तोडणी, कागदात गुंडाळून ट्रक. पूर्ण पिकलेलं फळ वाहतुकीला चालत नाही, म्हणून ते बांधावर राहतं, आणि लहान मुलासाठी नेमकं तेच हवं: केशरी गर, अ-जीवनसत्त्व, चावावं लागत नाही. पपईच्या मजुरांची मुलं या गटात नापास होत नाहीत, ही या प्रवासातली मोजकी सुखाची नोंद. फक्त फवारणी झालेल्या प्लॉटमधलं फळ औषधाच्या डब्यावर लिहिलेल्या प्रतीक्षाकाळानंतरच घ्यावं आणि साल जाड काढावी.

पाचवा दिवस: धडगाव

शहाद्याहून घाट चढताना काळी जमीन संपते, मुरूम सुरू होतो. उतारावरच्या एकाच तुकड्यात ज्वारी, तूर, उडीद, भुईमूग, मधे अंबाडी, कडेला भोपळा-काकडीचे वेल. कृषी खात्याच्या तक्त्यात हे गबाळं दिसतं. आठ गटांच्या तक्त्यात इतकं चांगलं शेत सपाटीवर एकही नाही. मग नंदुरबार जिल्ह्यात निम्म्याहून जास्त मुलं कमी वजनाची का, हा प्रश्न 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनंतर पुन्हा विचारला गेला. शेतात विविधता आहे, पण ती दोन-अडीच एकर उथळ जमिनीवर, एका पावसावर. नोव्हेंबरात सगळं असतं. जूनमध्ये काहीच नसतं, आणि जूनमध्येच काम सगळ्यात जास्त, पाणी सगळ्यात घाण.

अलीकडे या मिश्र तुकड्यांत सोयाबीन शिरलंय. प्रथिनात श्रीमंत, पण इथे ते कोणी खात नाही, पोत्यासह विकतात. घरी वापरायचं तर कच्चं दळू नये. त्यातला एक घटक प्रथिन पचू देत नाही. दाणे उकळत्या पाण्यात वीसेक मिनिटं शिजवायचे, साल चोळून काढायची, कडक वाळवायचे, भाजायचे, आणि नऊ भाग धान्यात एक भाग मिसळून दळायचं. जास्त घातलं की चव कडवट लागते आणि सगळं पीठ बकरीला जातं.

पाड्यावरच्या अंगणवाडीत दंडघेर. पट्टी साधी: 11.5 सेंटिमीटरच्या खाली लाल, 12.5 पर्यंत पिवळी, वर हिरवी. वय सहा महिने ते पाच वर्षं. डावा हात, खांद्याचं टोक ते कोपर यांचा मध्य, हात सैल सोडलेला, अंगरखा काढलेला. मूल रडत हात आखडतं, ताई घाईत पट्टी ओढते, आणि दोन-तीन मिलिमीटर कमी येतात. कपड्यावरून मोजलं की तेवढेच जास्त. 11.4 आणि 11.6 यांतला फरक म्हणजे उपचार मिळणं आणि न मिळणं, म्हणून दोनदा मोजावं. आणि पायाचे पंजे दाबून पाहावेत: दोन्ही पायांवर अंगठा तीन सेकंद ठेवून खड्डा राहिला तर सूज आहे, मग पट्टी हिरवी असो की वजन बरं असो, मूल दवाखान्यातच न्यायचं. सुजेचं पाणी वजनात भरतं. या डोंगरात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. रक्त कमी दिसलं की आधी ती तपासणी करून घ्यावी, नुसतं लोहाचं औषध पुरत नाही.

अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं आहे. अंडं न खाणाऱ्याला केळी. अंडी सपाटीवरून येतात, घाटात फुटतात. गंमत अशी की पाड्यावर घरटी पाच-सहा कोंबड्या असतात, पण अंडी उबवायला ठेवतात, कोंबडी बाजारासाठी किंवा पूजेसाठी. पिलंच जगत नाहीत, म्हणून खायला अंडं उरत नाही. मानमोडी (राणीखेत) ही कोंबड्यांची साथ आली की आठवड्यात खुराडं रिकामं. पिलाला पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब आणि आठ-दहा आठवड्यांनी दुसरी लस दिली तर हा तोटा टळतो. पण कुपी निदान शंभर पक्ष्यांची, उघडली की दोन तासांत संपवायची, बर्फात आणायची. एका घरानं करून उपयोग नाही, अख्ख्या पाड्यानं एकाच संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात आल्यावर करायचं. पोषणाचं काम करणारे हे काम पशुसंवर्धनाचं म्हणून सोडून देतात. इथे अंड्याचा गट भरायचा सगळ्यात स्वस्त रस्ता हाच आहे.

सहावा दिवस: मोलगी, देवगोई घाट

मोलगीची भगर उपवासाच्या बाजारात नाव कमावून आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मळणी होते. न भरडलेली भगर कोरड्या कणगीत वर्षानुवर्षं टिकते. टरफल निघालं की कोंड्यातल्या तेलामुळे दोन-तीन महिन्यांत खवट होते. म्हणून जुने लोक लागेल तेवढीच उखळात कांडायचे आणि बाकीची ठेवायचे. ती साठवण म्हणजे जूनची सोय होती. आता व्यापारी मळणीच्या खळ्यावरच येतो, आणि उधारी फेडायला सगळी जाते. गिरणीत पॉलिश होऊन ती शहरात एकादशीला खाल्ली जाते. पाड्यावर जुलैत रेशनचा तांदूळ. तांदूळ पोट भरतो, पण तो उडदाशिवाय, पातळ, मिठाच्या पाण्यात.

घरात सगळी विकू नका म्हणणं सोपं आहे. त्यापेक्षा मापात सांगितलेलं पटतं. एका वर्षाच्या मुलाला दोन भाग भगर आणि एक भाग उडीद किंवा तूरडाळ असं रोज शंभर ग्रॅम मिश्रण पुरलं, तर महिन्याला तीन किलो. जून ते सप्टेंबर बारा किलो: आठ किलो भगर, चार किलो डाळ. न भरडलेली ठेवायची तर तूस-कोंडा जाऊन उरेल तेवढी धरून अकरा-बारा किलो. एक लहान कणगी. बाकीची खुशाल विका.

इथेच एका आजीनं ज्वारीला मोड आणून पीठ करते म्हणून सांगितलं. मोड आलेल्या धान्याचं पीठ ही युक्ती खरी आहे: घट्ट शिजवलेल्या गरम पेजेत चमचाभर घातलं की पाच मिनिटांत ती पातळ होते, कॅलरी तेवढ्याच राहतात, बाळाला गिळता येते. मग पुन्हा दोन उकळ्या द्यायच्या. पण ज्वारीच्या कोंबात विष असतं, गुरांना कोवळ्या ज्वारीची किराळ लागते तेच. हा दाखला दिला की डोंगरात कोणालाही दुसऱ्यांदा समजावावं लागत नाही. नाचणी किंवा गहू घ्यावा: बारा तास भिजवून, दीड दिवस ओल्या फडक्यात, कडक उन्हात वाळवून, मुळं चोळून काढून दळावं. फार भाजू नये, भाजलं की पातळ करण्याचा गुण जातो.

दुपारी देवगोई घाट उतरताना समोरून रिकामे आणि आपल्या बरोबरीनं भरलेले ट्रक. ऊसतोडीला निघालेली घरं: पत्र्याची पेटी, कोयते, दोन गोण्या, टोपलीत कोंबड्या, बायांच्या कडेवर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची पोरं. होळीला परततील. अक्कलकुव्याच्या अलीकडे एक ट्रक चहाला थांबलेला. अंगणवाडी ताईनं काही आयांच्या हाती कागद दिलेले: मुलाचं नाव, वजन, उंची, दंडघेर, शेवटची लस. एका आईनं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, भगर-उडदाच्या पिठाच्या डब्यात वरच ठेवला होता. डबा तीन किलोंचा. तिनं सांगितलं, पाच मोठे चमचे, दिवसातून तीनदा, बाकी अंगावर. उसाच्या फडात मूल सोबत असतं आणि पाचट पेटवून पाणी उकळता येतं, ही तिची सोय. कारखान्याजवळ उडीद कुठल्या दुकानात मिळतो हे तिच्या नवऱ्याला मागच्या वर्षीपासून माहीत होतं. भगर मात्र तिथे मिळत नाही. डबा संपला की गहू घेणार होते.